दावा लागण्याआधीचे दप्तर

व्यापारी दावा दाखल करताना वादीला आज एक शपथ घ्यावी लागते. या व्यवहारासंबंधी माझ्या ताब्यातली, अधिकारातली किंवा नियंत्रणातली सगळी कागदपत्रे मी जोडली आहेत, माझ्याकडे दुसरे काही शिल्लक नाही, असे ती सांगते. माझ्या बाजूची कागदपत्रे आणि माझ्यावर उलटणारी कागदपत्रे असा भेद तिथे चालत नाही. मुंबईच्या बड्या कंपनीचा विधी विभाग ही शपथ तयार करतो तेव्हा त्याच्या हाताशी माणसे असतात. सांगली जिल्ह्यातल्या पलूसच्या औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीचा मालक थकलेल्या बिलासाठी कोर्टात जातो तेव्हा त्यालाही शब्दश: हीच शपथ घ्यावी लागते. व्यापारी न्यायालयांचा कायदा 2015 साली आला, तेव्हा त्याची किमान रक्कम 1 कोटी रुपये होती. 2018 मध्ये ती 3 लाखांवर आली. तीन लाखांचे बिल पलूस तालुक्यात कुणाचे थकत नाही?

‘डिस्कव्हरी’, म्हणजे प्रतिपक्षापुढे दस्तऐवज उघड करण्याची प्रक्रिया, हा विषय आपल्याकडे अजून परदेशी कंपन्यांच्या डोकेदुखीतच मोजला जातो. मोबाइल, क्लाउड, सेन्सर आणि आता कृत्रिम बुद्धिमत्ता यांनी तो किर्लोस्करवाडी, भिलवडी, कुंडलपर्यंत आणून सोडला आहे. त्याचा हा आढावा.

कायदा काय मागतो

दस्तऐवज उघड करण्याची तरतूद आपल्या कायद्याला नवी नाही. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतला अकरावा आदेश तीच सांगतो: प्रतिपक्षाला लेखी प्रश्नावली द्या, कागद मागा, ते तपासा. आदेश होऊनही कागद दिले नाहीत तर वादीचा दावा निघू शकतो आणि प्रतिवादीचा बचाव रद्द होऊ शकतो. तरी साध्या दिवाणी दाव्यात बहुतेक वेळा दोन्ही बाजू आपापले सोयीचे कागद हजर करत. उरलेले काढून घ्यायचे तर अर्ज करा, युक्तिवाद करा आणि तारखा मोजा, असा मामला होता.

2015 च्या कायद्याने व्यापारी दाव्यांपुरता हा क्रम उलटा केला. मागणी येण्याची वाट पाहायची नाही. दाव्यासोबतच सगळे द्यायचे. प्रतिवादीनेही कैफियतीबरोबर तेच करायचे, आणि कैफियत 120 दिवसांच्या पुढे गेली तर ती घेण्याचा अधिकारच संपतो. शिवाय उघड करण्याचे हे कर्तव्य दाव्याचा निकाल लागेपर्यंत चालू राहते. तातडीचा आदेश मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये पाटील ऑटोमेशनच्या प्रकरणात पक्के केले. म्हणजे मध्यस्थापुढे बसायच्या आधीच आपल्या दप्तरात काय आहे, हे माहीत असलेले बरे.

इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठी व्यापारी दाव्यांना लागू असलेल्या अकराव्या आदेशाचा सहावा नियम जास्तच बारकाईत जातो. ईमेलची छापील प्रत चालते, पण शपथपत्रात सांगावे लागते की हा ईमेल पत्ता कुणाच्या मालकीचा, कुणाच्या ताब्यात, कुणाला उघडता येतो. फाइल बाहेरच्या सर्व्हरवर किंवा क्लाउडवर असेल तर तिथली मालकी आणि प्रवेश कुणाकडे. ती केव्हा तयार झाली, कधी छापली, त्या वेळी संगणक नीट चालत होता का. शंका आली तर न्यायालय मेटाडेटा (फाइलविषयीची माहिती) आणि लॉगही (संगणकाने आपोआप ठेवलेल्या नोंदी) मागवू शकते. या प्रश्नांची उत्तरे वकिलाकडे नसतात. ती हिशेब लिहिणाऱ्याकडे, स्टोअर सांभाळणाऱ्याकडे, आणि महिन्यातून एकदा संगणक पाहायला येणाऱ्या पोराकडे असतात.

लघुउद्योजकाला या कागदांची गरज मोठ्या कंपनीइतकीच असते, किंबहुना जास्त. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार मालाचे पैसे 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. हक्क भक्कम आहे. पण माल पोचला, स्वीकारला, आणि त्यात खोट नव्हती, हे दाखवणारे चलन, पोच आणि तपासणी अहवाल सापडले तरच तो पदरात पडतो.

जालन्याने घातलेला पायंडा

कागद उघड करणे ही पहिली पायरी. तो पुरावा म्हणून टिकणे ही दुसरी. डिजिटल नोंदींच्या बाबतीत या दुसऱ्या पायरीवर देशाला लागू झालेला महत्त्वाचा निकाल मराठवाड्यातून आला. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात अर्जुन खोतकर 296 मतांनी निवडून आले. कैलास गोरंट्याल यांचे म्हणणे होते की, खोतकरांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनची मुदत उलटल्यावर दाखल झाला. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्याचे चित्रण हा त्यांचा पुरावा होता. चित्रणाच्या सीडी मिळाल्या, पण भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 65-ब प्रमाणे लागणारे प्रमाणपत्र पुन्हा पुन्हा मागूनही मिळाले नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने 14 जुलै 2020 रोजी निकाल दिला. मूळ उपकरणच त्याच्या मालकाने साक्षीच्या वेळी हजर केले तर प्रमाणपत्र लागत नाही. प्रत द्यायची असेल तर ते अटळ आहे. उपकरण दुसऱ्याच्या ताब्यात असेल आणि तो दाखला देत नसेल, तर न्यायालयामार्फत मागावा. सगळे करूनही मिळाला नाही, तर अशक्य गोष्टीसाठी पक्षकाराला दोष देता येत नाही. या शेवटच्या मुद्द्यावरच गोरंट्याल यांच्या बाजूचा उच्च न्यायालयाचा निकाल कायम राहिला. याच निकालात तपासात जप्त झालेल्या कॉल नोंदी त्या काळापुरत्या वेगळ्या आणि सुरक्षित ठेवण्याचे निर्देश दूरसंचार कंपन्यांना दिले गेले. वाद दिसताच नोंद पुसणे थांबवण्याचे तत्त्व आपल्याकडे इतक्या स्पष्ट शब्दांत क्वचितच आले असेल.

1 जुलै 2024 पासून जुन्या अधिनियमाची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. त्याच्या कलम 63 खालचे प्रमाणपत्र दोन भागांचे आहे. पहिला भाग उपकरण सांभाळणारा माणूस भरतो, दुसरा तज्ज्ञ. दोघांनीही फाइलचे हॅश मूल्य लिहायचे असते. हॅश म्हणजे संपूर्ण फाइलवरून गणिताने काढलेली ठरावीक लांबीची अक्षर-अंकांची मालिका. फाइलमधला एक स्वल्पविराम हलला तरी ती पार बदलते. ज्या दिवशी हॅश काढला, त्या दिवसापासून फाइल बदललेली नाही एवढे त्यावरून सिद्ध होते. त्या आधी काय झाले, हे नाही. नोटीस आल्यावर घाईघाईने काढलेल्या हॅशपेक्षा नोंद झाली त्या दिवशी आपोआप काढून ठेवलेला हॅश म्हणूनच अधिक मोलाचा. आवाजाची हुबेहूब नक्कल करणारी साधने हातोहाती आल्यावर तर हा फरक निर्णायक ठरेल.

दप्तर कुठे कुठे पसरले

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली औंध संस्थानाने दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हा कारखान्याचे दप्तर एका खोलीत मावत होते. आज त्याच तालुक्यात पंपांचा कारखाना आहे, त्याभोवती सुटे भाग पुरवणारे लघुउद्योग आहेत, कुंडलला क्रांतिअग्रणी डॉ. जी. डी. बापू लाड यांच्या नावाचा सहकारी साखर कारखाना आहे, भिलवडीला चितळे डेअरी आहे आणि निर्यातीच्या द्राक्षबागा आहेत. सगळ्यांच्या नोंदी वेगवेगळ्या जातीच्या.

हिशेबाच्या नोंदीत आता सर्वांत कमी पळवाट उरली आहे. 1 एप्रिल 2023 पासून प्रत्येक कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदलांचा माग ठेवणे सक्तीचे झाले. कोणती नोंद कधी बदलली हे त्यात राहते, आणि तो माग बंद करता येता कामा नये. लेखापरीक्षकाला आपल्या अहवालात त्याबद्दल लिहावे लागते. हिशेब परदेशी सर्व्हरवर असले तरी त्यांची प्रत भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवावी लागते. मार्च संपल्यावर मागच्या तारखेची नोंद घालण्याची जुनी खोड आता स्वत:विरुद्धचा पुरावा तयार करते.

साखर कारखान्याच्या दप्तरात वाद वजनाचा, तोडणीच्या पाळीचा आणि बिलाच्या तारखेचा असतो. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत पैसे देणे आणि उशिरावर 15 टक्के व्याज देणे बंधनकारक आहे. तो 14 दिवसांचा हिशेब काट्यावरच्या वेळेपासून सुरू होतो. काटा इलेक्ट्रॉनिक आहे, पावती छापील आहे, आणि दोन्हीत फरक पडला तर कोणती खरी, हा प्रश्न काट्याच्या संगणकातला लॉगच सोडवू शकतो. सहकारी संस्थेला तर दिवाणी दाव्याखेरीज सहकार कायद्याची वेगळी दारे आहेत. 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात कलम 83 ची चौकशी, कलम 88 ची नुकसानभरपाईची जबाबदारी आणि कलम 91 चा सहकार न्यायालयातला वाद आहे. संचालक मंडळ बदलल्यावर आधीच्या मंडळाच्या निर्णयांची चौकशी लागते, तेव्हा जुन्या मंडळाचे ईमेल आणि पासवर्ड कुणाकडे आहेत, यावर पुष्कळ काही ठरते.

डेअरीत जनावरांच्या कानातल्या आरएफआयडी बिल्ल्यांपासून संकलन केंद्रावरच्या फॅटच्या आकड्यापर्यंत नोंद यंत्र करते. चितळे डेअरीने ही वाट बऱ्याच वर्षांपूर्वी धरली. द्राक्षात अपेडा या केंद्राच्या कृषी निर्यात संस्थेची ग्रेपनेट व्यवस्था बागेच्या नोंदणीपासून कंटेनरपर्यंत माग ठेवते. 2010 साली क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशावरून युरोपात भारतीय द्राक्षे अडकली, तेव्हा कोणत्या बागेत काय फवारले याची नोंद किती महत्त्वाची असते, ते अख्ख्या पट्ट्याने पाहिले. फवारणीची डायरी ही आता पुरावा आहे, मग ती वहीत असो की ॲपमध्ये.

या सगळ्यांत कच्चा दुवा आहे तो व्हॉट्सॲपचा. भाव ठरतो व्हॉट्सॲपवर, ड्रॉइंगमधला बदल कळवला जातो तिथेच, ‘माल पाठवा, पीओ नंतर देतो’ हे आश्वासनही तिथलेच. आणि फोन असतो सुपरवायझरचा स्वत:चा. तो नोकरी सोडतो, फोन विकतो, क्रमांक बदलतो. गप्पा ठरावीक मुदतीत आपोआप नाहीशा करण्याची सोय 2020 पासून ॲपमध्येच आहे. न्यायालयाने मात्र या माध्यमाला पुरावा मानायला मुळीच वेळ लावला नाही. 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका क्रेडिट कार्ड कंपनीच्या प्रकरणात, व्हॉट्सॲपवर पाठवलेली नोटीस पोचली आणि उघडली गेली हे निळ्या खुणांवरून मान्य केले. नव्या साक्ष्य अधिनियमात तर दस्तऐवजाच्या उदाहरणांतच स्मार्टफोनमधले संदेश, सर्व्हरचे लॉग, स्थळदर्शक नोंदी आणि व्हॉइस मेल आले आहेत.

अमेरिकेत याची किंमत मोजून झाली आहे. डिसेंबर 2021 मध्ये कर्मचाऱ्यांच्या खासगी फोनवरचे कामकाजाचे संदेश जपले नाहीत म्हणून जेपी मॉर्गनने दोन नियामकांना मिळून 20 कोटी डॉलर दंड देण्याचे मान्य केले. एपिक विरुद्ध गूगल खटल्यात अंतर्गत गप्पा 24 तासांत आपोआप पुसल्या जात होत्या. न्यायाधीशांनी ज्यूरीला सांगितले की, या पुसलेल्या गप्पा गूगलच्या विरोधात होत्या असे तुम्ही समजू शकता. 2023 च्या डिसेंबरात ज्यूरीने गूगलविरुद्ध कौल दिला.

किती दिवस ठेवायचे, केव्हा पुसायचे

यावर आपल्याकडे एक आकडा नाही, अनेक आहेत. कंपनी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तके 8 आर्थिक वर्षे ठेवावी लागतात. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून 72 महिने, आणि अपील चालू असेल तर त्याच्या निकालानंतर आणखी एक वर्ष. संगणक प्रणालींचे लॉग सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार 180 दिवस. करारभंगाच्या दाव्याची मुदत मात्र साधारण 3 वर्षे. या आकड्यांमधली फट लक्षात घ्या: बिल आठ वर्षे राहते, पण ते बिल पाठवणाऱ्या संगणकाचा लॉग सहा महिन्यांत गेला तरी लॉगपुरता नियम मोडत नाही. वाद दोन वर्षांनी उभा राहिला, तर बिल हातात असते आणि त्याचा खरेपणा सांगणारा साक्षीदार नसतो.

दुसऱ्या बाजूने वैयक्तिक डेटा संरक्षणाचा 2023 चा कायदा येतो. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदी 18 महिन्यांनी लागू होणार आहेत. हेतू संपल्यावर माणसाची माहिती पुसून टाका, हे त्याचे सूत्र आहे, आणि सुरक्षेत कसूर झाली तर दंड 250 कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. कायदेशीर हक्क बजावण्यासाठी लागणाऱ्या प्रक्रियेला त्यात सूट आहे, दुसरा कायदा सांगत असेल तर ठेवण्याचीही मुभा आहे. पण ही सूट ‘केव्हा तरी लागेल’ म्हणून सगळेच साठवणाऱ्याला नाही. दहा वर्षांपूर्वीच्या ऊसतोड मजुरांच्या आधार प्रती कपाटात ठेवून संस्थेने काय मिळवले, हे विचारले जाईल. सगळे जपणे हा एकेकाळी सावधपणा होता, आता तो धोका आहे.

पुसण्याचे वेळापत्रक असावे आणि वाद दिसताच ते थांबवता यावे, हे यातले मर्म. अमेरिकेत न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी 2003-04 मधल्या झुबुलेक विरुद्ध यूबीएस वॉरबर्ग या नोकरीतल्या भेदभावाच्या खटल्यात ते ठसवले: दावा येणार असे दिसू लागताच जपणुकीचे कर्तव्य सुरू होते, आणि नुसते परिपत्रक काढून ते संपत नाही, त्यावर लक्ष ठेवावे लागते. आपल्याकडे असे कर्तव्य एका कलमात लिहिलेले नाही. ते तीन-चार ठिकाणी विखुरलेले आहे. हाती असलेला पुरावा दडवला तर तो आपल्याविरुद्ध होता असे न्यायालय गृहीत धरू शकते. न्यायालयात लागणारा दस्तऐवज किंवा इलेक्ट्रॉनिक नोंद हजर होऊ नये म्हणून नष्ट केली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 241 खाली 3 वर्षांपर्यंत कैद आहे. दिवाणी न्यायालय वादातल्या वस्तूची जपणूक आणि पाहणी आदेशाने करून घेऊ शकते. लवादाचा करार असेल, तर लवाद सुरू होण्याआधीही असा अंतरिम आदेश मागता येतो. विखुरलेले असल्यामुळे हे कर्तव्य हलके होत नाही. फक्त ते कळायला उशीर होतो.

जुना कागद किती वर्षांनी जिवंत होतो, याचे उदाहरण किर्लोस्कर समूहातच आहे. 2009 मध्ये कुटुंबात झालेल्या समझोत्याच्या करारावरून वाद उभा राहिला, तो मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि जुलै 2021 मध्ये तिथे मध्यस्थीची सूचना झाली. डिसेंबर 2022 मध्ये भागधारक असलेल्या किर्लोस्कर इंडस्ट्रीजच्या मागणीवरून किर्लोस्कर ब्रदर्सच्या विशेष सभेपुढे कायदेशीर व व्यावसायिक सल्ल्यावरच्या खर्चाची फॉरेन्सिक तपासणी करण्याचा ठराव आला; तो संमत झाला नाही. मग 2023 मध्ये सेबीने नियम बदलून कंपनीच्या नियंत्रणावर परिणाम करणारे जुने, पण चालू करारही जाहीर करायला सांगितले. डिसेंबर 2024 मध्ये समूहातल्या काही कंपन्यांना या करारासंबंधी सेबीचे पत्र आले, आणि तोही वाद न्यायालयात पोचला. कोणाची बाजू खरी हा इथला विषय नाही. एका दस्तऐवजाचे आयुष्य त्यावर सह्या करणाऱ्यांच्या अंदाजापेक्षा मोठे असते, एवढे त्यातून घ्यावे.

कृष्णेचा पूर आणि कलम 60

पलूस तालुक्यात या प्रश्नाला एक बाजू अशी आहे, जी अमेरिकी पुस्तकांत सापडायची नाही. 2005, 2019 आणि 2021 असा तीनदा कृष्णेने भिलवडी, अंकलखोप, ब्रह्मनाळ या पट्ट्यात हाहाकार केला. ब्रह्मनाळला ऑगस्ट 2019 मध्ये बोट उलटून माणसे गेली. तिथे कागदांचा शोक कोण करणार? पण पूर ओसरल्यावर दुकाने, सोसायट्या, पतसंस्था आणि कार्यशाळा यांच्या फाइलींचा लगदा झालेला होता, आणि देणी-घेणी मात्र जागच्या जागी होती.

मूळ कागद नष्ट झाला असेल तर त्याची प्रत किंवा तोंडी माहिती, म्हणजे दुय्यम पुरावा, देता येतो. ही तरतूद नव्या अधिनियमाच्या कलम 60 मध्ये आहे. त्यात एक कसोटीही दडलेली आहे: कागद हजर करता न येण्याचे कारण स्वत:च्या चुकीतून किंवा हयगयीतून आलेले नसावे. 2005 च्या पुरात बुडालेल्या कपाटाबद्दल ही कसोटी सहज पार होते. पण त्याच तळमजल्यावर, त्याच कपाटात, 2019 नंतरही एकुलती एक प्रत ठेवणाऱ्याला प्रतिपक्षाचा वकील हयगयीचा प्रश्न विचारणारच. क्लाउडवरच्या प्रतीचा नदीकाठच्या उद्योगाला होणारा हा सर्वांत रोकडा फायदा आहे. पूर येण्याआधी स्कॅन केलेली, हॅश काढलेली आणि पाण्यापासून दूर ठेवलेली प्रत असली, की मूळ कागदाचे काय झाले, याचा पंचनामाही सोपा होतो.

यंत्राने वाचलेले दप्तर

लाखो ईमेल माणसाने वाचणे परवडत नाही, म्हणून संगणकाला नमुने दाखवून संबंधित कागद वेगळे काढायला शिकवण्याची पद्धत आली. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने 2012 मध्ये आणि इंग्लंडच्या न्यायालयाने 2016 मध्ये तिला मान्यता दिली. या वाचनाचे बरेच काम भारतात होते. मुंबईत 2004 मध्ये सुरू झालेली पॅन्जिया-3 ही त्या धंद्यातली आरंभीची कंपनी. परदेशी खटल्यांचे कागद चाळणारी पिढी इथेच तयार झाली, पण तिची सवय इथल्या उद्योगांच्या दप्तरापर्यंत फारशी उतरली नाही.

आता मोठी भाषा प्रारूपे हेच काम सारांशासह करतात. इंग्रजी ईमेलच्या ढिगावर ती उपयोगी आहेत यात शंका नाही. पलूसच्या दप्तरावर मात्र तीन अडथळे येतात. पहिला जुन्या टंकांचा. युनिकोड रुळण्याआधी श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या प्रणालींत टाइप केलेल्या ठरावांत आणि पत्रांत संगणकाच्या लेखी देवनागरी नाहीच. भलत्याच चिन्हांवर देवनागरीचा मुखवटा आहे. त्यात ‘ऊसदर’ शोधला तर एकही फाइल सापडत नाही, आणि ‘संबंधित कागद नाहीत’ अशी शपथ सहज घेतली जाते. दुसरा अडथळा व्हॉट्सॲपवरच्या रोमन लिपीतल्या मराठीचा: एकच शब्द पाच जण पाच तऱ्हांनी लिहितात. तिसरा व्हॉइस नोटचा: गोंगाटाच्या शॉपफ्लोअरवर, सांगली-साताऱ्याच्या बोलीत, अर्धे वाक्य बोलून सोडून दिलेले. यंत्र त्याचे लेखी रूप देते, पण ‘देतो म्हटलं’ आणि ‘देतो म्हटलं होतं’ यात करारापुरता केवढा फरक आहे, ते माणसाने ऐकूनच ठरवावे लागते.

यंत्राच्या आत्मविश्वासावर किती भरवसा ठेवावा, याचे उत्तर मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये दिले. एका कंपनीची आयकर आकारणी त्याने रद्द केली. आकारणीच्या आदेशात आधार म्हणून दिलेले तीन निकाल अस्तित्वातच नव्हते. यंत्राने दिलेली माहिती पडताळल्याशिवाय वापरू नका, असे न्यायालयाने बजावले. दस्तऐवज उघड करण्याच्या शपथेलाही हेच लागू आहे. यंत्राने चाळले असले तरी शपथपत्रावर सही माणसाची असते.

यंत्राशी झालेले बोलणेही आता दप्तरात जमा होते. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने मे 2025 मध्ये ओपनएआयला चॅटजीपीटीची एरवी पुसली जाणारी उत्तरे जपून ठेवायला सांगितली. ते बंधन सप्टेंबर 2025 अखेर सुटले. ‘या डीलरचा करार मोडायचा तर काय कारण दाखवू?’ असे चॅटबॉटला विचारणाऱ्या व्यवस्थापकाने आपल्याविरुद्धचा एक कागद लिहून ठेवला, असे समजावे. वकिलाशी झालेल्या बोलण्याला कायद्याचे कवच आहे. चॅटबॉट वकील नाही. कंपनीत पगारावर असलेल्या विधी अधिकाऱ्यालाही सनदी वकिलाचे पूर्ण कवच मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये स्पष्ट केले.

हिशेब मांडून

या सगळ्या आढाव्यातून माझे मत असे बनले आहे: कायद्याने कागद मागण्याची व्यवस्था पुरेशी कडक केली, तंत्रज्ञानाने तो जपण्याची साधने पुरेशी स्वस्त केली, आणि मधली जागा रिकामी आहे. ती जागा सॉफ्टवेअर विकत घेऊन भरत नाही. एक जबाबदार माणूस नेमून भरते. कोणती नोंद कुठे आहे, किती दिवस ठेवायची, कुणाला उघडता येते आणि वाद दिसताच पुसणे कसे थांबवायचे, हे एका पानावर लिहिता येते. कामाचे संदेश कंपनीच्या क्रमांकावर आणि भाव-बदलाची खातरजमा त्याच दिवशी ईमेलवर, हा नियम दहा कामगारांच्या वर्कशॉपलाही पाळता येतो. नोकरी सोडणाऱ्याचा हिशेब चुकता करताना त्याच्या फोनमधल्या कामाच्या गप्पांची प्रत घेणे, अधिकारी तपासणीसाठी कागद नेत असतील तर त्यांच्या प्रती कायद्याने मिळतात ते लक्षात ठेवून मागणे आणि हार्ड डिस्क नेत असतील तर पंचनाम्यात तिचा हॅश लिहून घेणे, यांना फारसा खर्च नाही.

खर्च आहे तो तज्ज्ञाचा. कलम 63 च्या प्रमाणपत्राचा दुसरा भाग भरणारा माणूस तालुक्याच्या ठिकाणी मिळणे सोपे नाही, आणि प्रत्येक लघुउद्योजकाने त्यासाठी पुणे-मुंबई गाठावी, ही अपेक्षा न्याय्य नाही. औद्योगिक वसाहतीच्या संघटनांनी, साखर कारखान्यांनी आणि जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी मिळून ही सोय सामाईक उभारावी. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले आहे. सांगली, सातारा, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी न्यायालय जवळ आले. त्यासाठी इथल्या वकिलांनी आणि पक्षकारांनी कित्येक वर्षे मागणी लावून धरली होती. आता तितक्याच चिकाटीने आपापले दप्तर त्या न्यायालयापुढे उभे राहण्याजोगे करावे, आणि ते काम पहिली नोटीस यायच्या आधी सुरू करावे.